नेट नको, नुसतं बोलायचंय

प्रश्न : काका, मी निवृत्त शिक्षिका. घरी वाय-फाय आहे, बाहेर पडले की मोबाइलचं नेट मी लावतच नाही. तरी दर वेळी दुकानदार म्हणतो, "बाई, स्मार्टफोन आहे ना, मग नेटचं पॅक घ्यावंच लागतं." गावी सासूबाईंचा बटणांचा फोन आहे, त्यांनाही तेच पॅक मारून देतात. असा खरंच नियम आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बाई, नियम नाही. उलट नियम तुमच्या बाजूने आहे आणि दुकानदारापर्यंत तो पोचलेला नाही. किंवा पोचलाय, पण त्याच्या स्क्रीनवर सगळ्यात वर जे पॅक दिसतं तेच तो सांगतो. त्याला दोष देत नाही, पाठीमागे रांग असते.

स्मार्टफोन दिसला की नेटचे पैसे लाव, अशी उघड सक्ती अमेरिकेत होती. एटी अँड टी कंपनीने आयफोनला ती आधीपासून लावलेली होतीच, सप्टेंबर २००९ पासून बाकीच्या स्मार्टफोनलाही लावली. महिन्याला ३० डॉलर. ओरड झाल्यावर म्हणा किंवा धंद्याचं गणित म्हणून म्हणा, जून २०१० मध्ये १५ डॉलरचा २०० एमबीचा छोटा प्लॅन आला. पण शून्य नेटचा पर्याय नव्हताच. कुणी जुना स्मार्टफोन घेऊन त्यात साधं सिम घातलं तरी कंपनीला कळायचं. प्रत्येक फोनला १५ आकडी आयएमईआय नंबर असतो (तुमच्या फोनवर *#०६# दाबून बघा), त्यातल्या पहिल्या आठ आकड्यांवरून मॉडेल ओळखता येतं. मग पुढच्या बिलात डेटा प्लॅन आपोआप हजर.

आपल्याकडे कंपन्यांनी फोनकडे बघितलं नाही, पॅकच तसं बांधलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, बोलणं फुकट आणि पैसे नेटचे असा हिशेब सुरू झाला. बाकीच्यांना मागे जावं लागलं. मिनिटाचा दर गेला, सेकंदागणिक पैसे मोजायचा पल्स गेला, आणि बोलणं, एसएमएस, नेट असं तिन्ही एका दावणीला बांधून मिळायला लागलं. स्वस्त होतं तोवर कुणी कुरकुरलं नाही. पुढे किमती चढत गेल्या आणि जो नेट वापरतच नाही तोही त्याच चढाला लागला. तुमच्या सासूबाई त्यातल्याच.

मी टेलिफोन खात्यात काउंटरवर बसायचो तेव्हा लोक एसटीडीला, म्हणजे बाहेरगावच्या फोनला, कुलूप लावून घ्यायला यायचे. नको ती सोय बंद करता यायची आणि बिल वापरापुरतंच यायचं. एवढी साधी गोष्ट मोबाइलच्या पॅकमध्ये यायला नियम करावा लागला.

तो नियम ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, २३ डिसेंबर २०२४ रोजी काढला. फक्त बोलणं आणि एसएमएस असलेलं किमान एक स्पेशल टॅरिफ व्हाउचर, म्हणजे ठरावीक मुदतीचं रिचार्ज, प्रत्येक कंपनीने ठेवलंच पाहिजे. अशा व्हाउचरची मुदत पूर्वी जास्तीत जास्त ९० दिवस असायची, ती ३६५ दिवसांपर्यंत वाढवली.

जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी पॅक आणले. एअरटेलचं ८४ दिवसांचं पॅक ५०९ रुपयांचं होतं, त्यात ६ जीबी नेट होतं. नेट काढलं आणि किंमत ठेवली ४९९. सहा जीबीची किंमत दहा रुपये! त्यावर बोंब झाली, मग ते ४६९ वर आलं. वर्षाचं १८४९ ला. जिओने ८४ दिवसांना ४४८ आणि ३३६ दिवसांना १७४८ ठेवले. हे सगळे आकडे त्या वेळचे आहेत. या लोकांचे दर कधी बदलतील सांगता येत नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी अॅपमध्ये एकदा बघा.

आता त्या वेळच्या दरांवर हिशेब. एअरटेलचं सगळ्यात लहान पॅक जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर १९९ चं झालं, २८ दिवसांचं, सोबत २ जीबी. २८ दिवसांचं म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा. १९९ गुणिले १३ झाले २५८७. वर्षाचं नुसत्या बोलण्याचं १८४९. सातशे अडतीस रुपये वाचतात आणि तेरा वेळा दुकानात जायचं वाचतं. तुमच्यासाठी हा सौदा चांगला आहे, घेऊन टाका.

सासूबाईंचं मात्र मला खटकतं. गावाकडे ज्याला महिन्याला दोनशे जमवतानाच ओढाताण होते, त्याने एकदम साडेचारशे किंवा अठराशे आणायचे कुठून? नियमात "किमान एक" असं आहे. ते किती लहान असावं, यावर काही नाही. कंपन्यांनी लांब मुदतीची पॅकं पुढे केली आणि नियम अक्षरशः पाळला. नेट नको असलेल्या गरीब माणसाला २८ किंवा ३० दिवसांचं नुसत्या बोलण्याचं पॅक लागतं. ट्रायने पुढच्या दुरुस्तीत ते एक वाक्य घालावं, असं माझं मत आहे. तोवर सासूबाईंचं वर्षाचं रिचार्ज तुम्हीच एकदा मारून द्या.

प्रश्न : माझं जिओचं सिम आहे. जिओचे कॉल ४जीवरून जातात असं मुलगा सांगतो. मग नेट नसलेलं पॅक घेतलं तर फोन लागणार कसा?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : मुलगा बरोबर सांगतो, तुम्ही त्यातून काढलेला निष्कर्ष चुकला. कॉल ४जीच्या जाळ्यावरून जातो, त्याला व्होल्टी म्हणतात, पण तो तुमच्या नेटच्या कोट्यातून कापला जात नाही. त्याची वाट वेगळी असते. मोबाइल डेटाचं बटण बंद ठेवा, फोन लागेल आणि येईल. फोनमध्ये व्होल्टीची सोय तेवढी हवी, कारण जिओला २जीचं जाळंच नाही.

ओटीपीचंही बरेच जण विचारतात. तो एसएमएसने येतो, त्याला नेट लागत नाही. व्हॉट्सअॅप घरच्या वाय-फायवर चालेल, एसटीत बसल्यावर नाही. बाजारात पैसे द्यायचे असतील तर *९९# आहे, नेटशिवाय चालतं, पण जिओच्या सिमवर त्याचा भरवसा धरू नका. जरा किचकट आहे, आकडे दाबत बसावं लागतं.

प्रश्न : एक जुना नंबर बँकेला जोडलेला आहे. वीस रुपये शिल्लक ठेवले की सिम चालू राहतं असा मेसेज फिरतोय. खरं?
— एक वाचक, परभणी

उत्तर : अर्धं खरं, आणि नवीन तर अजिबात नाही. नियम २०१३ चा आहे. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते, पण प्रीपेडच्या खात्यात वीस रुपये किंवा जास्त शिल्लक असेल तर वापर नाही या कारणाने बंद करता येत नाही. त्यासाठी कंपनी शिलकेतून थोडे पैसे कापून घेऊ शकते.

पण नंबर तुमच्या नावावर राहणं वेगळं आणि त्यावर फोन, मेसेज येत राहणं वेगळं. आजीवन इनकमिंगचे दिवस २०१८ च्या शेवटी संपले, तेव्हा ३५ रुपयांचं किमान रिचार्ज आलं. आता पॅकची मुदत संपली की काही दिवसांत इनकमिंग बंद होतं, मग बँकेचा ओटीपी येणार कुठे? बँकेचा नंबर असेल तर वीस रुपयांवर विसंबू नका. खात्याला तुमचा रोजचा नंबर जोडून घ्या, शाखेत एक अर्ज लागतो.

प्रश्न : नुसत्या बोलण्याचं पॅक घेतलं आणि चुकून नेट चालू राहिलं, तर शिल्लक कापली जाईल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ती भीतीच ठेवू नका. १९२५ या नंबरवर स्टॉप असा एसएमएस इंग्रजीत पाठवा, कंपनीकडूनच नेट बंद होतं. परत हवं तेव्हा स्टार्ट पाठवायचं. तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नेट चालू करायचं नाही, असा ट्रायचा नियम आहे.

प्रश्न : कंपनीच्या केंद्रात गेलो तर "असं पॅक नाही" म्हणून परत पाठवलं. काय करू?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी कंपनीच्या अॅपमध्ये शोधा. पहिल्या पानावर दिसणार नाही, रोज दोन जीबी, अमुक ओटीटी मोफत असल्या जाहिरातींच्या खाली "व्हॅल्यू" किंवा तशा नावाच्या कप्प्यात असतं. सापडलं की तिथूनच रिचार्ज करा, केंद्राशी वाद घालण्यात दुपार घालवू नका.

नाहीच सापडलं तर १९८ ला फोन करून तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. तो कागदावर लिहून ठेवा, त्याशिवाय पुढे कुणी विचारत नाही. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत जाता येतं, त्याला फी नाही. थेट ट्रायला लिहून उपयोग होत नाही. एकेका ग्राहकाची तक्रार ते सोडवत नाहीत, कंपनीकडे पाठवून देतात.