सायकल पडली आणि गिअर बसेनासे झाले

प्रश्न : माझी नऊ गिअरची सायकल उभ्या जागी उजव्या अंगावर पडली. तेव्हापासून लहान चक्रांवर गिअर नीट बसतात, पण मधल्या चक्रांपासून खरखर सुरू होते आणि सर्वांत मोठ्या चक्रावर आऱ्यांजवळून टिकटिक ऐकू येते. केबल कमी-जास्त ताणून पाहिली. एक टोक जमले की दुसरे बिघडते. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा, बदलावा लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. मात्र ही टिकटिक थांबेपर्यंत सर्वांत मोठ्या चक्रावर गिअर अजिबात नेऊ नका. डिरेलरचा पिंजरा (साखळी ज्या दोन छोट्या पुलींवरून जाते, त्यांची चौकट) फिरत्या आऱ्यांत अडकला, तर डिरेलर, आरे आणि कधीकधी फ्रेमही क्षणात निकामी होते आणि चालवणारा पडतो.

केबलचा ताण चुकला असेल, तर सगळे गिअर साधारण सारखेच बिघडतात आणि बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करणारी गोल चावी) थोडा फिरवल्यावर सगळेच सुधारतात. एक टोक जमवताना दुसरे सुटत असेल, तर संशय हँगरवर घ्यावा. डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या धातूच्या पट्टीवर बसतो, ती पट्टी म्हणजे हँगर. बहुतेक ॲल्युमिनियम आणि कार्बन फ्रेमवर ती सुटी असते आणि फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम मऊ ठेवलेली असते. सायकल उजवीकडे पडली की तीच आतल्या बाजूला वाकते. नऊ गिअरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचात, शेजारच्या दोन चक्रांच्या मध्यांतले अंतर सुमारे 4.35 मिलिमीटर असते, त्यामुळे हँगर डोळ्यांना जेमतेम जाणवेल इतका वाकला तरी साखळी शेजारच्या चक्राला घासू लागते.

आधी चाक फ्रेमच्या खाचेत पूर्ण बसले आहे याची खात्री करून घ्या. तिरपे बसलेले चाक हुबेहूब हीच लक्षणे दाखवते. मग सायकलच्या मागे बसून डिरेलरकडे पाहा. वरची पुली, खालची पुली आणि त्यांच्या वरचे चक्र एका उभ्या रेषेत दिसले पाहिजेत. खालची पुली चाकाकडे झुकलेली दिसली, तर निदान जवळपास झालेच.

नजरेवर फार विसंबू नये, म्हणून हँगर मोजण्याचे खास साधन वापरतात. डिरेलर काढून ते हँगरच्या आट्यांत बसवायचे आणि त्याचा लांब दांडा रिमपर्यंत आणून रिमपासूनचे अंतर वर, खाली, पुढे आणि मागे अशा चार जागी पाहायचे. येथे एक बारकावा अनेकांकडून सुटतो : दांडा फिरवताना चाकही बरोबर फिरवून प्रत्येक वेळी रिमवरच्या त्याच बिंदूशी, समजा व्हॉल्व्हशी, मोजावे. तसे केले नाही, तर रिमची लचक हँगरच्या खात्यावर जमा होते. समोरासमोरच्या अंतरांतला फरक सुमारे 4 मिलिमीटरच्या आत आला की हँगर सरळ समजावा.

हँगर सरळ झाल्यावरच बाकीचे पाहावे. सर्वांत लहान चक्रावर केबल सैल असताना डिरेलरच्या ‘एच’ स्क्रूने (लहान चक्राच्या बाजूची मर्यादा ठरवणारा स्क्रू) वरची पुली चक्राच्या सरळ खाली आणा, मग केबल बांधा आणि एकेक गिअर चढवत जा. साखळी मोठ्या चक्रावर जायला कुचराई करत असेल, तर बॅरल ॲडजस्टर मागून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवा. मोठ्या चक्राकडे चढताना चपळ पण लहानाकडे उतरताना आळशी, अशी चाल असेल तर केबल आवरणात अडकते आहे. तेथे ताण बदलून उपयोग नाही, केबल व आवरण नवे घालावे. मोठ्या चक्राच्या बाजूची मर्यादा ठरवणारा ‘एल’ स्क्रू शेवटी तपासा : सर्वांत मोठ्या चक्रावर डिरेलर हाताने आत दाबला तरी साखळी आऱ्यांकडे उतरता कामा नये.

प्रश्न : साधन नसेल, तर हँगर हातानेच सरळ केला तर चालेल का?

उत्तर : फ्रेम पोलादी आणि हँगर तिचाच भाग असेल, तर सावकाश सरळ करता येतो. डिरेलर काढून हँगरच्या आट्यांत 10 मिलिमीटर जाडीचा, 1 मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा आस असलेले दुसरे मागचे चाक घट्ट बसवले, तर दोन्ही चाके समांतर आहेत की नाहीत हे लगेच कळते. ॲल्युमिनियमचा हँगर मात्र एकदा सरळ झाला तरी दुसऱ्यांदा वाकवताना तडकू शकतो. त्यापेक्षा आपल्या सायकलच्या नेमक्या मॉडेलचा नवा हँगर बसवावा. एका फ्रेमचा हँगर दुसरीला क्वचितच बसतो, म्हणून जुना काढून भोकांशी भोके ताडून पाहिल्याशिवाय नवा घेऊ नये.