जबड्याच्या पुनर्रचनेनंतरचे दात आणि विमा कंपनीचा नकार

प्रश्न : कर्करोगामुळे माझा वरचा जबडा एका बाजूने काढावा लागला आणि पायातील हाड बसवून तो पुन्हा तयार करण्यात आला. त्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा कंपनीने दिला. पुढे रुग्णालयात दाखल होऊन त्याच हाडात इम्प्लांट (कृत्रिम दातांना आधार देणारे धातूचे स्क्रू) बसवून घेतले, तेव्हा मात्र ‘हा दंतोपचार असून सौंदर्यवर्धनासाठी आहे’ असे कळवून कंपनीने दावा फेटाळला. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रासोबतची कागदपत्रे मी वाचली. माझ्या मते हा नकार निमूटपणे मान्य करण्याजोगा नाही. वरच्या जबड्याचे हाड गेले की तोंड आणि नाक यांमधला पडदाच जातो. हाड बसवून ती पोकळी बंद केली, तरी दातांशिवाय चावता येत नाही आणि उच्चारही स्पष्ट होत नाहीत. म्हणजे इम्प्लांट हा किडलेल्या दाताचा इलाज नसून, कंपनीने स्वतः मान्य केलेल्या उपचाराचा उरलेला टप्पा आहे. आपला सगळा युक्तिवाद याच मुद्द्यावर उभा राहील.

विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित कलमानुसार सौंदर्यविषयक किंवा प्लास्टिक शस्त्रक्रिया वगळलेली असली, तरी अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीतून बाहेर ठेवलेली आहे. दंतोपचाराचे कलम मात्र प्रत्येक पॉलिसीत निराळे असते, त्यामुळे आपल्या पॉलिसीतील त्याची शब्दरचना अक्षरशः वाचावी. वगळणुकीचे कलम लागू होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते, असे सर्वोच्च न्यायालयाने नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध ईशर दास मदन लाल या 2007 सालच्या निकालात स्पष्ट केले आहे.

खरी अडचण आपल्या डिस्चार्ज कार्डात आहे. त्यात इम्प्लांटचे कारण म्हणून ‘चेहऱ्याची ठेवण सुधारण्यासाठी’ एवढेच लिहिले आहे आणि कंपनीने नेमके तेच शब्द उचलले आहेत. त्या कार्डात कोणतीही खाडाखोड करवून घेऊ नका, कारण तसे केल्यास पूर्ण दाव्यावरच संशय येईल. त्याऐवजी जबड्याची शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि दात बसवणारे प्रोस्थोडॉन्टिस्ट यांच्याकडून स्वतंत्र प्रमाणपत्रे घ्यावीत, आणि मूळ आजार, काढलेला भाग, इम्प्लांटपूर्वी चावण्यात व बोलण्यात असलेली अडचण, तसेच हा टप्पा आधीपासून नियोजित होता की नाही, हे त्यांनी आपल्या नोंदींच्या आधारे लिहावे. पहिल्या शस्त्रक्रियेच्या केसपेपरमध्ये दातांच्या नियोजनाचा उल्लेख सापडला, तर तो सर्वांत भक्कम पुरावा ठरेल.

ही प्रमाणपत्रे जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच जपून ठेवा. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पुन्हा नकार आला, तर त्यापुढील एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे व त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे, परंतु आयोगात प्रकरण चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून आधी लोकपाल हाच क्रम मी सुचवेन.

एक बाब स्पष्ट सांगतो. इम्प्लांटवर पुढे बसवायचे कृत्रिम दात रुग्णालयात दाखल न होता, दवाखान्यातच बसवले जाणार असतील, तर बाह्यरुग्ण खर्चाचे संरक्षण पॉलिसीत असल्याशिवाय त्या बिलावरची आपली बाजू दुबळी राहील. म्हणून त्या बिलाची मागणी स्वतंत्र ठेवा, म्हणजे तिच्यामुळे शस्त्रक्रियेचा दावा अडणार नाही.