एकच दारू सगळ्या काडतुसांना चालते का?

प्रश्न: भाऊ, आमची सत्तरीत काजूची बाग आहे, थोडं कुळागर पण आहे. रानडुकरं फार त्रास देतात म्हणून शेतीरक्षणाचं लायसन्स आणि वडिलांची बारा बोअरची बंदूक आहे. भाचा टेक्सासला असतो, तो वापरलेली काडतुसं घरीच परत भरतो आणि म्हणतो एक चांगली दारू घेतली की पिस्तूल, बंदूक सगळ्याचं भागतं. खरंय का? मापायची कशी? आणि मला इथे जमेल का, काडतुसं फार महाग पडतात. – एक बागायतदार, वाळपई

उत्तर: शेवटचं आधी सांगतो. इथे अजिबात करू नका. तुमचं लायसन्स बंदूक बाळगायचं आणि काडतुसं विकत घ्यायचं आहे, काडतूस तयार करायचं नाही, त्याला 1959 च्या शस्त्र कायद्यात वेगळा परवाना लागतो आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. काजूच्या बागेसाठी एवढं नको हो.

भाच्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. युनिक नावाची दारू पिस्तुलात पण चालते आणि छऱ्याच्या काडतुसात पण, वार्गेट बऱ्याच रायफलींना चालते, पण सगळ्यांना चालेल अशी एक दारू नाही. पिस्तुलाची नळी आखूड, तिथे झटकन जळणारी लागते, तीच मोठ्या रायफलीच्या काडतुसात रायफलीच्या हिशोबाने भरली तर दाब एकदम चढतो आणि नळी फाटते. शिवाय नाव सारखं म्हणून दारू सारखी नसते, एच 4831 आणि आयएमआर 4831 या दोन वेगळ्या दारू आहेत, एकीचं माप दुसरीला लावायचं नाही.

मापाचं मात्र नीट वाचा, कारण आपली माणसं इथेच फसतील. तिकडे माप ग्रेनमध्ये असतं, ग्रॅममध्ये नाही. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन. आपल्या सोनाराच्या हिशोबात तोळा म्हणजे 180 ग्रेन, म्हणजे 20 ग्रेन हा तोळ्याचा फक्त नववा भाग, आणि कुणी ग्रेनच्या जागी ग्रॅम वाचलं तर पंधरापटीने जास्त. दुसरा घोळ ड्रॅमचा. छऱ्याच्या काडतुसांच्या खोक्यावर '3 ड्रॅम' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ जुन्या काळ्या दारूचे 3 ड्रॅम जेवढा वेग देतील तेवढा वेग, आत तेवढी दारू असते असा नाही. धूर न होणारी दारू खरंच 3 ड्रॅम भरली, म्हणजे 82 ग्रेन, तर बंदूक हातात फुटेल.

म्हणून चमच्याने, अंदाजाने काही नाही. मापाच्या यंत्रातून बारीक गोल दाण्याची दारू एकसारखी पडते, लांब काडीसारखी अडकते, त्यामुळे अधूनमधून काट्यावर तोलून बघावीच लागते. आणि दारू अशी निवडायची की एका मापातच कवच अर्ध्याहून जास्त भरेल, म्हणजे चुकून दोनदा पडली तर ती बाहेर सांडेल आणि लगेच कळेल.

वडिलांची बंदूक किती जुनी आहे तेही बघा, काही जुन्या नळ्या फक्त काळ्या दारूच्या दाबाला तपासलेल्या असतात, परवानाधारक गनस्मिथला दाखवल्याशिवाय आजचं काडतूस त्यात घालू नका. पावसात फुगलेली काडतुसं वापरायची नाहीत आणि उघडून पण बघायची नाहीत. भाच्याला एवढंच विचारा, त्याने काटा ठरावीक वजन ठेवून शेवटचा कधी तपासला होता.