जनसुनावणीत बोलून काय उपयोग?

प्रश्न : जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या जनसुनावणीत माझ्या वडिलांनी समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याबद्दल विचारले होते. सहा महिन्यांतच प्रकल्पाला मंजुरी मिळाली. सगळे आधीच ठरलेले असेल, तर लोकांना बोलवायचे कशाला?
– एक वाचक, ता. राजापूर

उत्तर : आपली खंत रास्त आहे आणि तिचे मूळ बऱ्याच अंशी नियमांतच आहे. पर्यावरणीय आघात मूल्यमापनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणी ही फक्त हरकती व सूचना नोंदवून घेण्यासाठी असते. तिथे मतदान होत नाही, गणपूर्तीची अट नसते आणि अख्ख्या गावाने एकमुखाने नकार दिला तरी प्रकल्प आपोआप रद्द होत नाही. जैतापूर प्रकल्पाची माडबन येथील सुनावणी १६ मे २०१० रोजी झाली आणि २८ नोव्हेंबरला केंद्र सरकारने ३५ अटी घालून मंजुरी दिली.

मात्र त्याच अधिसूचनेत लोकांच्या हाती एक गोष्ट दिलेली आहे, जिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. सुनावणी संपताना तिचा गोषवारा जमलेल्या लोकांना वाचून दाखवावा, त्यांच्या भाषेत समजावून सांगावा आणि मगच इतिवृत्तावर जिल्हाधिकाऱ्यांची सही व्हावी, असे त्यात म्हटले आहे. लोकांनी मांडलेले मुद्दे आणि त्यांवरील प्रकल्पाचे उत्तर यांचे निवेदन स्थानिक भाषेतही तयार करावे लागते, आणि इतिवृत्त ग्रामपंचायतीत व जिल्हा परिषदेत लावावे लागते. ते मागून घ्या आणि वडिलांचा प्रश्न त्यात कोणत्या शब्दांत उतरला आहे ते पाहा. ‘पाणी तापले तर मासळी खोल समुद्रात जाईल का आणि माझी लहान होडी तिथवर पोचेल का’ हा प्रश्न ‘मासेमारीवरील परिणाम’ एवढ्यात गुंडाळला, की उत्तरही मोघमच येते. माझ्या मते विश्वासाला पहिला तडा इथेच जातो.

दुसरा तडा किरणोत्सर्गाच्या मोजणीत जातो. किरणोत्सर्गाचे नियमन अणुऊर्जा नियामक मंडळाकडे असते. सामान्य नागरिकासाठी अणुकेंद्रामुळे होणाऱ्या किरणोत्सर्गाची मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) आहे आणि केंद्राभोवतीची मोजणी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळा करतात. त्यांच्या शास्त्रज्ञांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. पण केंद्र चालवणारे आणि मोजणारे एकाच अणुऊर्जा खात्यातले असल्यावर लोकांनी आकडे निमूट मान्य करावेत, ही अपेक्षा मला पटत नाही. नियामक मंडळाला पुरेशी स्वायत्तता नसल्याचे देशाच्या महालेखापरीक्षकांनीही २०१२ मध्ये नोंदवले होते.

जैतापूरच्या अणुभट्ट्या ज्या फ्रान्सकडून घ्यायचे ठरले, तिथे २००६ च्या कायद्याने मोठ्या अणुकेंद्रांपाशी स्थानिक माहिती आयोग असतो. त्यात लोकप्रतिनिधी, पर्यावरण संघटना, कामगार संघटना आणि तज्ज्ञ बसतात. आयोगाला केंद्राकडून माहिती मागता येते आणि बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणीही करून घेता येते. अणुभट्टी तिकडची घ्यायची, तर ही व्यवस्थाही मागायला हवी. फिनलंडमध्ये तर अणुप्रकल्प नाकारण्याचा अधिकारच नगरपालिकेला आहे, आणि तो हाती असतानाही एउराजोकी नगरपालिकेच्या परिषदेने २००० साली अणुकचऱ्याच्या भांडाराला बहुमताने होकार दिला.

आपल्याला आज करता येण्याजोगे एक काम आहे. मच्छीमार सोसायटीने जवळच्या महाविद्यालयाला सोबत घेऊन किनाऱ्यालगतच्या पाण्याचे तापमान आणि उतरणारी मासळी यांची दर महिन्याला नोंद ठेवावी. या नोंदी भट्टी सुरू होण्यापूर्वीच्या असायला हव्यात, कारण नंतर तुलना करायला दुसरे काही हाती राहणार नाही.