रोमन कथांमधली रूपांतरं: सगळे शापच असतात का?

प्रश्न : रोमन पुराणकथांमध्ये माणसाचं झाड काय होतं, गाय काय होते, हरीण काय. देवांचे शाप म्हणून सोडून द्यावं तर डॅफ्नीचं काय, तिनं कुणाचं काय वाईट केलेलं?

उत्तर : काहीच नाही, आणि तिचा तो शाप नव्हताच. अपोलो देव मागे लागला, पळून पळून ती दमली, शेवटी नदीदेव असलेल्या वडिलांना हाक मारली की माझं हे रूपच घालवा, आणि झाली लॉरेलचं झाड. पण अपोलो खोडावर हात ठेवतो तर आत काळीज अजून धडधडतंय, आणि हा म्हणतो बायको नाही तर माझं झाड तरी होशील! मला तरी ही सुटका अर्धीच वाटते.

या कथा आपल्यापर्यंत आल्या त्या मुख्यतः रोमन कवी ओव्हिडमुळे. त्यानं इसवी सन ८ च्या सुमारास १५ भागांच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या काव्यात अडीचशेच्या आसपास कथा गुंफल्या, बऱ्याच मुळात ग्रीक. त्यात शिक्षा आहे, सुटका आहे, बक्षीसही आहे. पण खरा चटका लागतो तो शरीर बदलून मन तेच राहतं तिथे. ॲक्टिऑन शिकारी, रानात भटकताना चुकून शिकारीची देवी डायना आंघोळ करत होती तिथे पोचला, तिनं तोंडावर पाणी मारलं की झाला हरीण. त्याचेच कुत्रे त्याच्यावर तुटून पडतात, मित्र त्यांना चेव आणतायत आणि हाका मारतायत, ॲक्टिऑन कुठे राहिला, ये ना बघायला, आणि नाव ऐकून ते हरीण मान वळवतं! ओव्हिड सरळ सांगतो की दोष नशिबाचा, त्याचा गुन्हा नव्हे. आयो नावाच्या मुलीची गाय होते तेव्हा ती निदान खुरानं मातीत लिहून वडिलांना ओळख तरी पटवते, याला तेवढंही जमत नाही.

बॉसिस आणि फिलेमॉनची कथा मात्र जरूर वाचा. म्हातारं गरीब जोडपं, हजार घरांनी दार लावलेल्या दोन वाटसरूंना ते आत घेतात, टेबलाचा पाय आखूड म्हणून खाली खापरी लावतात, पुदिन्यानं टेबल पुसतात. ते वाटसरू म्हणजे वेश बदललेले देव, ज्युपिटर आणि मर्क्युरी. वर काय मागितला तर दोघांना मरण एकाच वेळी यावं, आणि पुढे एकाचं ओकचं आणि एकीचं लिंडनचं झाड होतं, तोंडावर पानं येईपर्यंत एकमेकांचा निरोप घेत.

पंधराही भाग सलग वाचायची गरज नाही. डॅफ्नी आणि आयो पहिल्यात आहेत, ॲक्टिऑन तिसऱ्यात, हे जोडपं आठव्यात, तेवढ्यापासून सुरुवात करा.