जॅझवाले जिमी स्मिथ गेले तेव्हा लोक एवढे का हळहळले? आपल्याकडं कोण ऐकायचं का त्यांना?

ऐकायचो की, सांगलीत आम्ही तिघं होतो, चौथा काय भेटला नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये गेले ते, विश्रामबागच्या एका नेट कॅफेत बातमी वाचली आणि रात्री आयर्विन पुलावर एकच हेडफोन दोघांच्या कानात, तिसरा आपला नंबर कधी येतोय बघत उभा, असला आमचा शोक.

आता हळहळ कशाची, तर मी भजनात पेटी वाजवतो म्हणून तसंच सांगतो, पेटीला डावा हात भात्यात अडकतो, सूर काढायला उजवाच उरतो. स्मिथ वाजवायचे तो हॅमंड बी-३ ऑर्गन विजेवर चालतो, भाता नाही, मग ह्या माणसानं डाव्या हातानं बेस, म्हणजे खालचे जाड सूर, चालवला, पाय पेडलवर, उजव्यानं सोलो, म्हणजे बेसवाला वेगळा लागतच नाही, ऑर्गन गिटार ड्रम की झाला बँड! ऑर्गन जॅझमध्ये आधीपण होता, फॅट्स वॉलर वगैरे, पण १९५६ ला ब्लू नोट ह्या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीवर स्मिथ आले आणि नंतरचे बहुतेक सगळे त्यांच्याच वाटेनं गेले.

त्यांचं 'द सर्मन' ऐका, वीस मिनिटांचं आहे, आधी नुसता डावा हात ऐका. मोबाईलच्या स्पीकरवर नको, बेस येतच नाही त्यात.