पडद्यापाशी थांबलेला पेशंट

वाचकांचे प्रश्न, फॅमिली डॉक्टरची उत्तरं

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी मुंबईतल्याच एका मेडिकल कॉलेजला आहे. थर्ड मायनर म्हणजे तिसऱ्या एमबीबीएसच्या पहिल्या भागाच्या परीक्षेनंतर आम्हाला इलेक्टिव्ह, म्हणजे आवडीचा विषय निवडून शिकायचे आठवडे असतात, त्यात मी दोन आठवडे फॅमिली मेडिसिन घेतलं आणि विक्रोळीतल्या एका सरांच्या दवाखान्यात बसले. बरोबरच्या सगळ्यांनी कार्डिओ नाहीतर आयसीयू घेतलं होतं. दवाखाना म्हणजे एक खोली, मध्ये हिरवा पडदा, बाहेर बाकडं आणि नंबर देणारे कंपाउंडर काका. सकाळ-संध्याकाळ मिळून साठ-सत्तर पेशंट. पहिले तीन दिवस तर मला वाटलं मी फुकट वेळ घालवतेय, कारण वॉर्डात कसं, केस असते, तिला नाव असतं, फाइल असते, इथे कुणाला काय झालंय तेच कळत नाही. अंग मोडून आलंय, कसंतरी होतंय, पायाला मुंग्या येतात, झोप नाही. तापाचा पेशंट आला की माझ्या डोक्यात डेंग्यू मलेरिया लेप्टो टायफॉइड अशी सगळी यादी सुरू, आणि सर एक दिवसाच्या तापाला क्रोसिन, भरपूर पाणी आणि परवा या एवढंच सांगतात. मी विचारलं तर म्हणाले थांबून बघायचं. हे सायन्स आहे का मॅडम?

दुसरं म्हणजे माझ्याकडून एक चूक झाली ती अजून डोक्यातून जात नाही. एक काका आले, चाळिशीचे असतील, सर बाहेर फोनवर होते म्हणून मी बीपी घेतलं, १६८/१०० आलं, आणि मी त्यांना सरळ सांगितलं की तुम्हाला बीपी आहे, आता गोळी कायमची. त्यांचा चेहराच उतरला. सर आले, त्यांना दहा मिनिटं बाकड्यावर बसवलं, परत घेतलं तर १३८/८६. ते स्टेशनवरून जिना चढून धावत आले होते, मी विचारलंच नव्हतं.

आणि एक मावशी. वर्षभरात पाच-सहा वेळा येऊन गेलेल्या, चक्कर, थकवा, अंगदुखी, रिपोर्ट सगळे नॉर्मल, मला मनातून कंटाळाच आला होता. औषध घेऊन निघाल्या, पडदा हातात धरला आणि तशाच थांबल्या, मागे न बघता म्हणाल्या, "डॉक्टर, खोकलं की लघवी होते हो." सरांनी त्यांना परत बसवलं, मग वीस मिनिटं गेली. कळलं की भीतीने त्या सकाळी घरातून निघाल्यापासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाणीच पीत नव्हत्या. मला सरांनी काही सांगितलं नाही, नुसतं बघितलं.

घरी हे सांगितलं तर मामा म्हणाले एवढं शिकून शेवटी सर्दी-खोकलाच बघणार का. मला कळत नाहीये मी या दोन आठवड्यांत शिकले की नाही. लॉगबुकात काय लिहू?
— एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर : अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी त्या काकांचं बोलू, कारण ते तुला टोचतंय.

बीपी घेणं आपल्याला पहिल्या काही दिवसांतच शिकवतात आणि मग आयुष्यभर आपण ते घाईत घेतो. पाच मिनिटं शांत बसलेला माणूस, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाही, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला, पट्टा उघड्या दंडावर, आधीच्या अर्ध्या तासात चहा-सिगारेट नाही, लघवी तुंबलेली नाही, आणि घेताना त्याच्याशी गप्पा नाहीत. मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोन रीडिंग. आकडा फारच वर असेल, म्हणजे १८०/११० च्या घरात, किंवा छातीत दुखतंय, दम लागतोय असं काही असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर एका रीडिंगवर कुणालाही कायमचा पेशंट करायचं नाही, परत बोलवायचं, जमलं तर घरचं बीपी लिहून आणायला सांगायचं. पण १३८/८६ म्हणजे सुट्टी असंही नाही हं. त्या काकांचं बीपी पुढच्या महिन्यात परत बघायलाच हवं, मीठ, पोट, तंबाखू, झोप हे बोलायला हवं. आणि जमलं तर तू स्वतः सरांना विचारून त्यांना फोन कर, सांग की मी घाई केली, तुम्ही काळजी करू नका पण तपासायला नक्की या. नाहीतर काय होतं, असा घाबरलेला माणूस परत दवाखान्याची पायरी चढत नाही आणि पाच वर्षांनी थेट कॅज्युअल्टीत भेटतो, असे मी बघितलेत.

आता थांबून बघणं. हो, सायन्स आहे, पण त्यात एक अट आहे. पहिल्या दिवशीचा ताप हा नुसता ताप असतो, त्या दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी केली तर प्लेटलेट छान दिसतात आणि पेशंट खूष होऊन घरी जातो, खरा धोका डेंग्यूत नंतर येतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, बहुतेकदा ताप उतरायला लागतो तेव्हाच. डेंग्यूची एनएस१ टेस्ट सुरुवातीच्या दिवसांत लागते, अँटिबॉडीची टेस्ट साधारण पाच दिवसांनंतर. म्हणजे कुठली टेस्ट कुठल्या दिवशी, हे माहीत असणं हेच ते थांबणं. आणि अट ही की पेशंटला रिकाम्या हाताने थांबवायचं नाही. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरडीतून नाकातून रक्त आलं, लघवी कमी झाली, माणूस सुस्त पडला, तर परवाची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता सुद्धा हॉस्पिटल गाठायचं, हे मराठीत, हिंदीत, त्याच्या बायकोसमोर, दोनदा सांगायचं. ब्रुफेन-डायक्लोफिनॅक घेऊ नका हेही, कारण आपल्याकडे अंग दुखलं की केमिस्टकडून तेच येतं. हे सगळं सरांनी सांगितलं असेल आणि तुझ्या कानावरून गेलं असेल अशी शक्यता मी धरते.

पण एका बाबतीत माझं मत तुझ्या सरांपेक्षा वेगळं आहे. पावसाळ्यात मुंबईत तापाचा पेशंट आला तर मलेरियाची टेस्ट मी त्याच दिवशी करते, थांबत नाही, पालिकेच्या दवाखान्यात ती फुकट होते. आणि एक प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाही, साचलेल्या पाण्यातून चाललात का, पायाला जखम होती का. लेप्टो, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, त्यासाठी पालिका दर पावसाळ्यात सांगते की पाण्यातून गेला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरकडे जा, प्रतिबंधक गोळी असते. दादरजवळ हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून गेलेला माणूस ते स्वतःहून सांगत नाही, त्याच्या दृष्टीने ते दर वर्षीचंच.

आता मावशी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

मी लालबागला दवाखाना टाकला १९८४ साली. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला होता, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि मी बसले तेव्हा घरोघरी त्याची राख होती. कामावर परत गेलेले काही जण यायचे, त्यांना दर सोमवारी छाती आवळून यायची, रविवारी बरं, सोमवारी परत. कापसाच्या धुळीचा तो आजार आहे, बिसिनोसिस, सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास. पुस्तकात मी ते वाचलेलं होतं पण मला समोर बसलेला माणूस फक्त खोकला म्हणायचा, वार सांगायचा नाही, मी वार विचारायला लागले तेव्हा कळायला लागलं. आणि बायका यायच्या त्यांची पाठ दुखायची, डोकं दुखायचं, पोटात गोळा यायचा. मी रक्तवाढीच्या गोळ्या द्यायचे. त्या उठायच्या, पडद्यापर्यंत जायच्या आणि तिथे म्हणायच्या, घरात दाणा नाही बाई. किंवा, हे रात्री बसून असतात नुसते. किती जणी पडद्यापर्यंत जाऊन काही न बोलता गेल्या असतील ते मला आज सांगता येणार नाही.

म्हणून मी एक सवय लावून घेतली ती तुला देते. "अजून काही नाही ना?" असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर नाही असंच येतं, आपण तेच मागितलेलं असतं. पेन खाली ठेवायचं, "अजून काय काय होतंय?" म्हणायचं आणि गप्प बसायचं. पाच-सात सेकंद गप्प बसणं फार अवघड जातं गं, बाहेर बाकड्यावर वीस माणसं असतात. पण तेवढ्यात मावशी बोलतात.

आणि तुझ्या मावशींचं बघ ना. त्यांची चक्कर, थकवा हे खोटं नव्हतं, मुंबईच्या उकाड्यात दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाईला चक्कर येणारच, लघवीला जळजळ होणारच. मुंबईत बायांना बाहेर स्वच्छ संडास मिळत नाही, राइट टू पी म्हणून आपल्याकडच्या बायकांनी चळवळ केली ती याचसाठी, चाळीत कॉमन संडास, ट्रेनमध्ये तास-दीड तास. यातली एकही गोष्ट रिपोर्टात येत नाही. लघवीची तपासणी, शुगर, बाळंतपणं किती आणि कशी, बद्धकोष्ठ आहे का, जुना खोकला आहे का एवढं बघायचं, आणि मग व्यायाम. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळून धरायचे आणि सोडायचे, एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने सोडायचा नाही. बऱ्याच जणींना याने फरक पडतो, ऑपरेशनचं नावही काढावं लागत नाही. तुझ्या सरांनी वीस मिनिटं दिली त्यात हे असणार. मावशी तीन महिन्यांनी येतील तेव्हा तू तिथे नसशील, पण सरांना विचारून ठेव त्यांचं काय झालं. विचारच.

मामांना काय सांगशील ते तू ठरव, मी तुला एक जुनी गोष्ट सांगते. १९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि इंग्लंडमधली आकडेवारी धरून मांडलं होतं की एक हजार मोठी माणसं घेतली तर एका महिन्यात साडेसातशे जणांना काही ना काही होतं, अडीचशे डॉक्टरकडे जातात, नऊ जण ॲडमिट होतात आणि मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला पोचतो तो एक. आकडे जुने आहेत, तिकडचे आहेत, पण कॉलेजात तू साडेचार वर्षं जो बघतेस तो तो एक आहे. विक्रोळीत पहिल्यांदा तुला ते अडीचशे दिसले. साहजिक आहे गोंधळ झाला, त्यांच्या कपाळावर आजाराचं नाव लिहिलेलं नसतं आणि कितीतरी जणांना ते कधी मिळतही नाही, ते बरे होतात.

करिअरचं थोडक्यात. फॅमिली मेडिसिनमध्ये तीन वर्षांचं डीएनबी हे एमडीसारखं पदव्युत्तर शिक्षण आहे, नीट पीजीच्या प्रवेश परीक्षेतूनच जायचं, एमडीच्या जागा अगदी थोड्या. आत्ता ठरवायची काही घाई नाही, फायनल होऊ दे, इंटर्नशिपला पालिकेच्या दवाखान्यात बसशील तेव्हा परत बघ मन कुठे रमतं. पैसे सर्जनइतके नाहीत हे खरंय आणि दवाखान्याच्या जागेचं भाडं मुंबईत जीव काढतं हेही खरंय.

लॉगबुकात निदानाच्या रकान्यात उगाच मोठी नावं घालू नकोस. "एक दिवसाचा ताप, कारण अजून स्पष्ट नाही, धोक्याची लक्षणं समजावली, परवा बोलावलं" हे पूर्ण उत्तर आहे. आणि काकांचं पण लिही, दोन्ही रीडिंग, मध्ये किती मिनिटं गेली त्यासकट.

प्रश्न : आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे हल्ली शिकाऊ मुलं बसतात, कधी मुलगा कधी मुलगी. माझं वय ५२. मला काही खासगी सांगायचं होतं, मुलगा बसला होता म्हणून न सांगताच आले. त्याला बाहेर जा म्हणता येतं का? डॉक्टरांना राग येईल का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : येतं म्हणता, आणि राग येता कामा नये. खरं तर ही वेळ तुमच्यावर यायलाच नको होती, शिकाऊ विद्यार्थी बसलाय, चालेल का, हे डॉक्टरांनी तुम्ही आत यायच्या आधीच विचारायला हवं, त्याच्यासमोर नाही, कारण समोर कुणी नाही म्हणत नाही. तपासणी असेल तर वेगळी परवानगी, आणि पुरुष डॉक्टर तपासणार असेल तर एखादी बाई बरोबर असावी असं तुम्ही म्हणू शकता. आत जायचं अवघड वाटत असेल तर बाहेर नंबर देणाऱ्यालाच सांगा, मला डॉक्टरांशी एकटीनं बोलायचंय, एवढं पुरे, कारण द्यायची गरज नाही.

मुलांच्या बाजूनेही एक सांगते, ती तुमच्यासारख्यांकडूनच शिकतात, त्यामुळे सर्दी-तापाला, बीपीला बसू दिलंत तर मला बरंच वाटेल. पण हे जे राहिलंय ते या आठवड्यात जाऊन सांगून या. पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं, छातीत गाठ लागली, लघवीचा त्रास, वजन उतरतंय, यातलं काही असेल तर उद्याच जा. डॉक्टर पुरुष म्हणूनच अडत असेल तर पालिकेच्या दवाखान्यात किंवा प्रसूतिगृहात बाई डॉक्टरची वेळ विचारा, केसपेपर काढायला सकाळी लवकर जा, जुने कागद असतील ते बरोबर न्या.